जुन्या कॅमेऱ्याची ओढ

टाकून दिलेल्या वस्तूंचे भाग्य कधी कधी अकस्मात उजळते. ज्या ज्वारीच्या भाकरीला शहरातील लोक एके काळी गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडीत, तीच भाकरी आज मोठमोठ्या उपाहारगृहांत कौतुकाने वाढली जाते. माळ्यावर धूळ खात पडलेले पितळी हंडे घासूनपुसून दिवाणखान्यात मांडले जातात. अशा भाग्य पालटलेल्या वस्तूंच्या मालिकेत गेल्या काही वर्षांत आणखी एकीची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे सदऱ्याच्या खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा.

साधारणतः 2000 ते 2012 ह्या काळात हे कॅमेरे घरोघर दिसत. कॅनन, निकॉन, सोनी, कोडॅक, ऑलिंपस अशा कंपन्यांनी ते कोट्यवधींनी विकले. पुढे मोबाइल फोनमध्येच चांगला कॅमेरा आला आणि ह्या छोट्या कॅमेऱ्यांची रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. 2010 साली जगभर असे सुमारे दहा कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. 2023 साली ती संख्या वीस लाखांच्याही खाली आली. परंतु त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांतील तरुण मुलामुलींनी आईवडिलांच्या कपाटांतून हे कॅमेरे पुन्हा बाहेर काढले. ती आवड आपल्या देशातील शहरांतही पोहोचली. कॅनन कंपनीने तर 2016 साली काढलेला एक छोटा कॅमेरा किरकोळ फेरफार करून 2025 साली पुन्हा विक्रीस आणला.

ही ओढ केवळ लहर आहे, की तिच्यात काही शहाणपणही आहे? परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांच्या बाजूला वसलेल्या राणीसावरगावासारख्या गावातील विद्यार्थ्यानेही ह्या प्रश्नाचा विचार करावा. कारण वरवर पाहता हा प्रश्न एका यंत्राचा असला, तरी आत शिरले म्हणजे तो माणसाच्या आठवणींचा आहे.

ह्या भागात छायाचित्र ही एके काळी फार मोठी गोष्ट होती. 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ नावाचे थोर छायाचित्रकार होते. 1844 साली जन्मलेले आणि 1905 साली निवर्तलेले हे गृहस्थ मोठ्या लाकडी पेटीसारख्या कॅमेऱ्यात काचेची पट्टी घालून छायाचित्र घेत. त्यांनी राजवाडे टिपले, सरदार टिपले, वेरूळची लेणी टिपली. 1892 साली त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र छायाचित्रगृहही उघडले. परंतु त्याच संस्थानातील परभणीकडच्या काळ्या मातीत राबणाऱ्या शेतकऱ्याचे, कापूस वेचणाऱ्या बाईचे छायाचित्र कोण घेणार? छायाचित्र हे श्रीमंतांचे वैभव होते. सामान्य माणूस जन्मास येई, कष्ट करी आणि आपल्या मुद्रेची एकही खूण मागे न ठेवता निघून जाई.

पुढे फिल्मचा कॅमेरा आला आणि छायाचित्र थोडे स्वस्त झाले. आपल्याच देशात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा कित्येक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. त्याच्या एका रोलवर बारा छायाचित्रे निघत. बारा म्हणजे बाराच! त्यामुळे लग्नकार्य, बारसे, यात्रा अशा प्रसंगांसाठी ती राखून ठेवावी लागत. खेड्यातील माणसाला मात्र छायाचित्रासाठी तालुक्याच्या स्टुडिओतच जावे लागे. तेथे रंगवलेल्या पडद्यापुढे, हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून बसायचे आणि पुढे काही दिवसांनी कागदावर उमटलेला स्वतःचा चेहरा पाहून थक्क व्हायचे, असा तो सोहळा असे.

डिजिटल कॅमेऱ्याने हा सोहळा साध्या माणसाच्या हाती आणून दिला. त्याची जन्मकथाही मोठी मनोरंजक आहे. 1975 साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोहून अधिक होते. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे आणि तेही काळेपांढरे असे. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. 1995 साली जपानच्या कॅसिओ कंपनीने पाठीवर छोटा पडदा असलेला कॅमेरा सामान्य गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणला. चित्र घेतल्याबरोबर ते तेथेच पाहता येऊ लागले. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत हे यंत्र इतके लहान, इतके स्वस्त आणि इतके सोपे झाले, की पुण्यामुंबईस नोकरीला गेलेला एखादा मामा दिवाळीला गावी येताना तो खिशात घालून आणू लागला.

ह्या कॅमेऱ्याच्या पोटात काय असते, हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ओळीने वाट्या मांडून ठेवल्या, तर जेथे धार मोठी तेथील वाटी अधिक भरेल आणि जेथे धार बारीक तेथील वाटी कमी भरेल. कॅमेऱ्याच्या भिंगामागे नखाएवढी एक चकती असते. तिच्यावर अशाच लक्षावधी सूक्ष्म वाट्या असतात. मात्र त्यांत पाण्याऐवजी प्रकाशामुळे निर्माण झालेला विद्युत्भार साठतो. प्रत्येक वाटीतील भार मोजला, की कोठे उजेड आणि कोठे अंधार हे कळते व त्यातून चित्र उभे राहते. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांत ‘सीसीडी’ जातीची चकती असे. गावात आग लागली म्हणजे लोक विहिरीपासून रांग करतात आणि भरलेल्या घागरी एकमेकांच्या हाती देत पुढे नेतात. सीसीडीतील विद्युत्भारही तसाच एका घरातून दुसऱ्या घरात सरकत सरकत मोजणीच्या जागी पोहोचतो. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्या दोन शास्त्रज्ञांनी 1969 साली ही युक्ती शोधून काढली. तिच्यासाठी त्यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या कॅमेऱ्याच्या चाहत्यांचे म्हणणे असे, की ह्या सीसीडीमुळे त्याच्या चित्रांचे रंग विशेष गोड दिसतात. हे म्हणणे पूर्णपणे मान्य करता येत नाही. रंगाचे रूप एकट्या चकतीवर ठरत नाही. भिंग कसे आहे, चकतीवरील रंगीत चाळण्या कशा आहेत आणि कंपनीने कॅमेऱ्यास रंग कसे मांडावयास शिकविले आहे, ह्या सर्वांचा तो परिणाम असतो. शिवाय त्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश ही एक वेगळीच चीज होती. क्षणाच्या अत्यल्प अंशात तो लख्खकन चमके. त्यामुळे जवळचा चेहरा उजळून निघे, मागचा परिसर काळोखात बुडे आणि कधी कधी डोळ्यांत लाल ठिणगीही दिसे. हा खरे तर दोष. परंतु ज्यांच्या बालपणाच्या चित्रांत तो दोष आहे, त्यांना तोच आता त्या दिवसांचा रंग वाटतो. आजीच्या हातच्या किंचित करपलेल्या भाकरीची चव जशी पुढे आयुष्यभर जिभेवर राहते, तसेच हे आहे.

तेव्हा पहिले कारण आठवणींचे, हे उघड आहे. परंतु आज ह्या कॅमेऱ्यांच्या मागे लागलेल्यांत कित्येकजण असे आहेत, की ते कॅमेरे नवे होते तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. त्यांना कसली आठवण येणार? त्यांच्या ओढीचे कारण निराळे असले पाहिजे आणि ते शोधण्यासाठी आजच्या फोनकडे पाहावे लागते.

फोनचा कॅमेरा हा बुद्धीने फार तल्लख सेवक आहे. मालकाने एकदा बोट लावले, की तो पुष्कळदा एकाच वेळी अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांत मिसळतो, अंधार उजळतो, आकाश निळे करतो आणि कित्येक फोनांत तर न सांगताच चेहऱ्यावरील सुरकुत्या व डागही पुसून टाकतो. चित्र सुंदर होते ह्यात शंका नाही. परंतु चाळीस वर्षे उन्हात नांगर धरलेल्या माणसाच्या कपाळावरील रेषा म्हणजे काही डाग नव्हेत. तो त्याच्या कष्टांचा लेखाजोखा आहे. तो पुसून टाकणारे यंत्र त्या माणसाला तरुण करीत नाही. ते त्याला दुसराच कोणी करते. जुना छोटा कॅमेराही थोडीफार रंगरंगोटी करतोच. तथापि त्याची शक्ती बेताची आणि म्हणून त्याची लबाडीही बेताची. त्याच्यापुढे जो चेहरा येतो, बहुतांशी तोच उमटतो. खरेपणाची ही भूक हे त्या ओढीचे दुसरे कारण होय.

तिसरे कारण ह्याहून महत्त्वाचे आहे. जुना कॅमेरा एकच काम करतो. तो वाजत नाही, कोणाचा निरोप आणीत नाही, खेळ दाखवीत नाही आणि काढलेले चित्र तत्काळ शंभर लोकांपुढे मांडीत नाही. नवरात्रात राणीसावरगावच्या रेणुकामातेच्या देवळात भाविकांची गर्दी होते. त्या गर्दीत फोन घेऊन उभे राहणाऱ्याचे लक्ष क्षणात देवीकडे, क्षणात आलेल्या निरोपाकडे आणि क्षणात आपल्या चित्राचे कोणी कौतुक केले की नाही ह्याकडे धावत असते. कॅमेरा घेतलेल्या मुलाला मात्र पाहण्याशिवाय दुसरा उद्योगच नसतो. तो दिवा पाहतो, दिव्याचा उजेड पडलेला चेहरा पाहतो, गर्दीत आईचा पदर घट्ट धरून चाललेले लेकरू पाहतो. पाहणे ही एक विद्या आहे आणि एकाग्रतेवाचून ती साध्य होत नाही. जो कॅमेरा थोडे देतो, तो एका परीने डोळ्यांना अधिक काम देतो.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एरवी हे विवेचन एकांगी ठरेल. जुन्या कॅमेऱ्यांचे दोष लहान नाहीत. संध्याकाळ झाली, की त्यांची चित्रे कणाकणांची व अंधुक होतात. त्यांची बटणे मंद असतात. मूल हसते तेव्हा बटण दाबावे आणि ते रडू लागल्यावर चित्र निघावे, असेही घडते. कित्येकांना लागणारी मेमरी कार्डे आता सहज मिळत नाहीत. 2006 पूर्वीचे बरेच कॅमेरे नव्या, मोठ्या क्षमतेची कार्डे ओळखतही नाहीत. वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॅटरी फुगलेली असेल, तर ती धोक्याची असते. ती चार्ज करू नये, टोचू नये किंवा उकिरड्यावर फेकू नये. मोठ्या माणसांच्या हाती सोपवावी आणि त्यांनी ती टाकाऊ विद्युत् वस्तू गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. ह्या उलट, प्रकाश कमी असो वा जास्त, झटपट आणि स्वच्छ चित्र हवे असेल, तर आजच्या साध्या फोनापुढेही जुना कॅमेरा फिका पडतो. पिकावर पडलेल्या किडीचे चित्र कृषी अधिकाऱ्याकडे ताबडतोब पाठवावयाचे असेल, तर तेथे फोनच उपयोगी. जुन्याच्या प्रेमापायी नव्याचे उपकार विसरणे हा कृतघ्नपणा होय.

आणखी एक दोष आहे आणि तो कॅमेऱ्याचा नसून माणसांचा आहे. आवडीची फॅशन झाली, की तिच्यातील शहाणपण ओसरते. काल जो कॅमेरा भंगाराच्या भावाने कोणी घेत नव्हता, त्यासाठी आज काही लोक अवाच्या सव्वा पैसे मोजतात, तो गळ्यात अडकवून मिरवतात आणि त्या कॅमेऱ्याचेच चित्र फोनने काढून जगाला दाखवितात! साधेपणाच्या नावाखाली चाललेला हा डामडौल हास्यास्पद आहे. ज्याच्या घरात जुना कॅमेरा नाही, त्याने तो विकत घेण्यासाठी आईवडिलांपाशी हट्ट धरण्याचे काहीच कारण नाही. ज्याच्या घरात तो आहे, त्याने मात्र तो भंगारात घालण्यापूर्वी एकदा त्यात सेल घालून पाहावेत.

कारण खरा प्रश्न कॅमेरा जुना की नवा हा नाहीच. खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत एक दुःखद प्रसंग घडतो. घरातील आजी किंवा आजोबा जग सोडून जातात. तेराव्याच्या दिवशी भिंतीवर लावण्यासाठी त्यांची तसबीर हवी असते. सारे घर शोधले जाते आणि अखेर हाती लागतो तो ओळखपत्रावरचा किंवा बँकेच्या पुस्तकावरचा बोटाच्या पेराएवढा फोटो! ज्या माणसाने घर उभे केले, नातवंडांना अंगाखांद्यावर खेळविले, त्याची तीच एक भेदरलेली, सरकारी कामासाठी टिपलेली मुद्रा मोठी करून तिला हार घालावा लागतो. आणि हे घडते ते कशा काळात? घरातील प्रत्येक फोनमध्ये शेकडो चित्रे साठलेली असतात, अशा काळात! त्यांत नटांची चित्रे असतात, मोटारींची असतात, स्वतःची तर असंख्य असतात. आजी मात्र नसते, कारण आजी रोज समोरच होती. असलीच, तर त्या फोनमध्ये असते, जो गेल्या वर्षी पाण्यात पडून बंद पडला.

चित्रे फुकट झाली, तेव्हा ती घेण्यापूर्वी विचार करण्याची सवय सुटली. आणि ती अगणित झाली, तेव्हा जपण्याची सवयही सुटली. बारा चित्रांच्या काळातील माणूस एकेक चित्र विचारपूर्वक घेई, कागदावर छापून घेई आणि पेटीत जपून ठेवी. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचे युग ह्या दोन काळांच्या मधले होते. त्यात चित्रे पुष्कळ निघत. परंतु कार्ड भरे, सेल संपत आणि मग कोणती ठेवावी व कोणती पुसावी, ह्याची निवड करावी लागे. निवड करताना माणूस आपल्याला काय मोलाचे वाटते, हे नकळत ठरवीत असतो. जुन्या कॅमेऱ्याकडून काही शिकावयाचे असेल, तर ते हे. मग हाती जुना कॅमेरा असो, नाही तर वडिलांचा फोन असो.

असे शिकलेल्या विद्यार्थ्याला राणीसावरगावात टिपण्यासारखे काही कमी नाही. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, झूल पांघरून उभे असलेले बैल. पांढऱ्या मातीचे माळवद असलेले, आता पडत चाललेले एखादे घर. कोपऱ्यात उभी करून ठेवलेली तिफण. आजीचे जाते आणि त्याच्या खुंट्यावर घासून गुळगुळीत झालेली जागा. ट्रॅक्टर आले, सिमेंटची घरे आली, हे चांगलेच झाले. त्यांनी माणसाचे कष्ट कमी केले. परंतु जे जात आहे, त्याची नोंद जाण्यापूर्वी ठेवावी लागते. लाला दीनदयाळांनी राजवाडे टिपून ठेवले, म्हणून त्या वैभवाची आज कल्पना येते. सामान्यांच्या घरांचे काम आता सामान्यांच्या मुलांनीच केले पाहिजे.

हे काम करताना काही शिस्त मात्र पाळावी. माणसाचे चित्र घेण्यापूर्वी त्याला विचारावे. “काका, तुमचा फोटो काढू का?” एवढे विचारण्यास क्षणही लागत नाही, आणि नाही म्हटले, तर कॅमेरा खाली घ्यावा. कोणाचे दुःख, कोणाची फजिती, कोणाचे दारिद्र्य ह्यांची चित्रे कौतुकासाठी घेऊ नयेत. जुन्या कॅमेऱ्यातील सेल काढून ठेवले, की त्याचे घड्याळ कालांतराने पुन्हा आरंभापासून सुरू होते आणि आज घेतलेल्या चित्राच्या कोपऱ्यात वीस वर्षांपूर्वीची तारीख उमटते. म्हणून प्रथम तारीख बरोबर लावावी. खोट्या तारखेचे खरे चित्रही पुढे फसवे ठरते. आणि वर्षाकाठी थोडीच, पण निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. त्यांच्या पाठीवर नाव, गाव आणि वर्ष लिहावे. यंत्रे बदलतात, कार्डे नाहीशी होतात. परंतु पेटीत नीट ठेवलेला कागद नातवंडांच्या हाती पोहोचतो आणि त्यास सेलही लागत नाहीत.

जुन्या कॅमेऱ्याची आजची ओढ कदाचित काही वर्षांत ओसरेल. फॅशनचे तसेच असते. तो कॅमेरा पुन्हा कपाटाच्या तळाशी गेला, तरी त्याचे फारसे वाईट वाटावयास नको. परंतु आपल्या माणसांकडे क्षणभर थांबून, नीट पाहण्याची जी गोडी त्याने काही मुलांना लावली आहे, ती तेवढी मागे राहावी. घरातील वडीलधारी माणसे ओसरीवर बसलेली असतात, सकाळचे कोवळे ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलेले असते आणि कोणी विचारले, तर ती डोक्यावरचा पदर किंवा पागोटे सावरून कौतुकाने बसतात. त्यांचे चित्र घेण्यास उद्यापर्यंत थांबू नये.